‘गलना अलग, घुलना अलग’: सेमी-इंग्रजी शाळांना एक खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातल्या सेमी-इंग्रजी वर्ग चालवणाऱ्या शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

जूनच्या मध्यावर शाळा भरतील. त्याआधी वर्गवाटप होईल, वेळापत्रक लागेल आणि ‘यंदा सेमीची आणखी एक तुकडी काढायची का’ हा विषय निघेलच. ती बैठक होण्याआधी हे आपल्या वाचनात यावं म्हणून आत्ताच लिहिते आहे.

मी गेली एकोणीस वर्षं सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. सुरुवातीची वर्षं मराठी माध्यमात गेली, नंतर सेमी-इंग्रजीत. सांगायचं आहे ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीपासूनच सांगते, कारण मला जे कळलं ते तिथंच कळलं.

काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात जुलैमध्ये एक मुलगी दाखल झाली. बिहारकडची. वडील गोकुळ शिरगावच्या बाजूला एका फाउंड्रीत कामाला. घरात भोजपुरी, बाहेर हिंदी, मराठी नुकती कानावर पडायला लागलेली, आणि गणित-विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत. ती शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणायची, तेवढाच काय तो तिचा आवाज. पहिल्या घटक चाचणीत तिनं उत्तराच्या जागी प्रश्नच उतरवून काढले होते. अक्षर सुंदर, स्पेलिंगची एकही चूक नाही. मी वीसपैकी दोन गुण दिले आणि शिक्षक खोलीत बोलून गेले, ‘तिला काहीच येत नाही, एक वर्ग खाली बसवायला हवी होती.’ कुणी काही म्हटलं नाही. आपण सगळेच असं बोलतो.

ऑगस्टमध्ये पदार्थांच्या बदलांचा धडा आला. टेबलावर मेणबत्तीच्या ज्योतीवर मेणाची वाटी धरली, आणि शेजारी काचेच्या ग्लासात साखर टाकून ढवळली. विचारलं, साखरेचं काय झालं? वर्ग एका सुरात ओरडला, ‘मेल्ट झाली!’ चूक मुलांची नव्हती. घरी आपणही सर्रास ‘साखर वितळली’ म्हणतो. मी इंग्रजीत समजावलं, परत समजावलं, मग मराठीवर आले. तरी निम्म्या चेहऱ्यांवर धुकंच. तेवढ्यात मागच्या बाकावरची दुसरी मुलगी, जिच्या घरी दखनी हिंदी बोलतात, मला न विचारताच शेजारणीकडं वळली आणि म्हणाली, ‘शक्कर का क्या हुआ, तू बोल ना.’

आणि बिहारची ती मुलगी बोलली. ‘शक्कर घुल गई. मोम गल गया. गलना अलग, घुलना अलग.’ मग जरा थांबून, ‘पापा भट्ठी में लोहा गलाते हैं. उसमें पानी थोड़ी डालते हैं.’

वितळायला उष्णता लागते, विरघळायला दुसरा पदार्थ लागतो, हा त्या धड्याचा गाभा. अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गात तो एकटीला नेमका माहीत होता, आणि तीच माझ्या वहीत वीसपैकी दोनची होती. तिच्याकडं नव्हता तो फक्त ‘डिसॉल्व्ह’ हा एक शब्द. मी फळ्यावर तीन रकाने आखले. घुलना, विरघळणे, डिसॉल्व्ह. गलना, वितळणे, मेल्ट. त्या दिवशी मराठी मुलांचाही गोंधळ मिटला, हे मुद्दाम सांगते, कारण ‘एकीसाठी सगळ्या वर्गाला का थांबवायचं’ हा प्रश्न मला नंतर अनेकदा विचारला गेला.

सेमी-इंग्रजी नको, असं मला म्हणायचं नाही. ज्या आईनं घरकाम करून, बापानं लेथ मशीनवर उभं राहून मुलाला सेमीत घातलं, त्यांचा हिशेब चुकीचा नाही. दहावीनंतर विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत येतात आणि तिथं मराठी माध्यमाची हुशार पोरं कशी अडखळतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हाची पहिलीतली मुलं आता स्वतः पालक झाली आहेत. इंग्रजी हवंच. प्रश्न एवढाच आहे की गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवताना ते इंग्रजी शिकवायचं कुणी? इंग्रजीचे शिक्षक म्हणतात, माझ्या तासाला कविता आणि व्याकरण आहे. गणिताचे म्हणतात, माझं काम गणित. आणि मधल्या फटीत मूल पडतं.

गणिताच्या पुस्तकातलं इंग्रजी बाजारातल्या इंग्रजीहून वेगळं असतं. शाब्दिक उदाहरणात शेवटी ‘हाउ मेनी आर लेफ्ट’ असं येतं आणि मुलाला लेफ्ट म्हणजे डावा एवढंच ठाऊक असतं. ‘राइट अँगल’ शिकवल्यावर एका मुलानं मनापासून विचारलं होतं, ‘मॅडम, मग लेफ्ट अँगल कुठला?’ वर्ग हसला. खरं तर त्यानं भाषा नीट वापरून विचार केला होता. आपण त्याला आधी ‘काटकोन’ म्हटलं असतं, हातानं काटकोन दाखवला असता आणि मग ‘राइट अँगल’ दिलं असतं, तर हा प्रश्न आलाच नसता. ‘डिफरन्स’ म्हणजे फरक हे त्याला माहीत असतं, पण गणितात ती वजाबाकी होते. ‘प्रॉडक्ट’ म्हणजे दुकानातली वस्तू नाही, गुणाकार. ‘व्हॉल्यूम’ टीव्हीचा नाही, घनफळ. ‘टेबल’ म्हणजे पाढा. विज्ञानात ‘सोल्यूशन’ म्हणजे द्रावण, आणि पुढच्याच तासाला गणितात तेच ‘सोल्यूशन’ उत्तर होऊन येतं.

वाक्याची रचना त्याहून जास्त छळते. आपण म्हणतो, ‘वीसमधून आठ वजा करा.’ वीस आधी, आठ नंतर, लिहायचंही त्याच क्रमानं. इंग्रजीत ‘सबट्रॅक्ट एट फ्रॉम ट्वेंटी’. मूल डावीकडून वाचत जातं, आठ लिहितं, वजा चिन्ह काढतं, वीस लिहितं आणि अडकतं. आपण म्हणतो, याला वजाबाकी येत नाही. त्याला वजाबाकी चांगली येते.

आकड्यांचंही असंच आहे. मराठीत ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी येतात, पन्नास नंतर. इंग्रजीत पन्नास आधी. सकाळी आकडे ‘त्रेपन्न’ म्हणत म्हणायचे आणि दुपारी ‘फिफ्टी थ्री’ ऐकून लिहायचं, यात मुलं ५३ च्या जागी ३५ लिहितात. ‘एकोणतीस’ म्हणजे तीसला एक कमी, ‘ट्वेंटी नाइन’ म्हणजे वीस आणि नऊ. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन एकाच ठिकाणी पोचायचं असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकरांच्या समितीची ती सूचना मान्य करा की करू नका, पण तिच्यामागची अडचण खरी होती, आणि सेमीच्या वर्गात ती दुप्पट होते. गडहिंग्लजकडून किंवा शिरोळच्या पलीकडून आलेलं कन्नड घरातलं मूल मात्र इथं पुढं असतं. कन्नडमध्ये ‘ऐवत्तमूरु’ म्हणतात, पन्नास आधी, तीन नंतर, अगदी इंग्रजीसारखं. माझ्या वर्गात अशा एका मुलानं इंग्रजी आकडे सगळ्यांआधी पकडले. त्याला फळ्यापाशी बोलावून कन्नड आकडे म्हणायला लावले, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. एरवी कन्नड बोलला की वर्गात खसखस पिकायची.

आपले वर्ग आता असेच आहेत. गुजरीतल्या बंगाली कारागिराचं मूल, शिरोलीतल्या कामगाराचं ओडिशातून आलेलं मूल, गांधीनगरातलं सिंधी घरातलं मूल, आणि दिवाळीनंतर बीडकडून उसाच्या फडावर आलेलं मूल. आपल्या पेठेतल्या पोरांनाही मी यात धरते. आपल्याकडची मुलगी घरी बिनधास्त ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणते, ती आपल्या कोल्हापूरची बोलीच आहे. शाळेत पाऊल टाकलं की ‘येतो नाही, येते म्हण’ अशी दुरुस्ती सुरू होते. म्हणजे पुस्तकातली मराठी हीसुद्धा तिच्यासाठी शिकायची भाषा आहे आणि इंग्रजी त्याच्यावरची. हे लक्षात घेतलं की ‘आपली आणि बाहेरची’ अशी भिंत वर्गात उरत नाही. सगळेच इंग्रजी शिकणारे आहेत, फक्त प्रत्येकजण वेगळ्या गावाहून निघालाय.

आता जे मला सगळ्यात खटकतं ते. काही शाळांतून ‘वर्गात फक्त इंग्रजी’ असा नियम लावलाय. एका शाळेत मातृभाषेत बोलल्याबद्दल पाच रुपये दंड घेतल्याचं एका पालक ताईंनी मला रडत सांगितलं. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. पण मूल घरच्या भाषेत विचार करतं, तीच भाषा दारात काढून ठेवायला लावली तर विचारही दारातच राहतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चं एकोणतिसावं कलम उघडून पाहा. शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा, हे तिथं आहे, आणि त्याच्या लगेच खाली मुलाला भीतीपासून मुक्त ठेवा, हे आहे. दोन्ही एकाखाली एक आहेत. दंडाच्या पाच रुपयांत दोन्ही मोडतात.

जे मूल दोन वर्षांत मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलायला लागतं, ते ‘आता याला इंग्रजी येतं’ म्हणून आपण मोकळं सोडतो. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकानं चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिलं की बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, कारणं देणारी, तुलना करणारी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणजे पाचवीला सेमीत आलेलं मूल दहावीच्या उंबरठ्यावर पोचतं तेव्हा कुठं त्याची पुस्तकी इंग्रजी पक्की होते. आपण त्याला पहिल्या घटक चाचणीत तोलतो.

मी काय करते ते सांगते. यात पैसे लागत नाहीत.

धडा सुरू करण्याआधी मराठी शब्द घेते. आपले विज्ञानातले मराठी शब्द बोलके आहेत. ‘प्रकाशसंश्लेषण’ फोडून सांगितलं की अर्ध्या धड्याचा अर्थ त्यातच सापडतो. ‘लघुकोन’ लहान, ‘विशालकोन’ मोठा, हे कुणाला पाठ करावं लागत नाही. त्यावर इंग्रजी शब्द बसवायचा, आणि मुलांच्या घरचा शब्दही विचारायचा. वर्गाच्या मागच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूंवर हे शब्द चिकटवलेत. वर्षाअखेरीस ती भिंत भरते. चुकलेली स्पेलिंगं मुलंच खोडून नीट करतात.

प्रश्न विचारला की आधी दोन मिनिटं शेजाऱ्याशी, हव्या त्या भाषेत बोलायचं. मग इंग्रजीत एकच वाक्य. फळ्यावर वाक्याचा सांगाडा लिहून ठेवते, ‘आय थिंक’ पुढं गाळलेली जागा, ‘बिकॉज’ पुढं गाळलेली जागा. पहिल्या महिन्यात मुलं त्या जागांत एकेकच शब्द भरतात. नोव्हेंबरपर्यंत सांगाडा पुसला तरी वाक्य येतं.

आणि थांबायला शिकले. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेनं १९७० च्या दशकात वर्ग तपासले, तेव्हा दिसलं की प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलं बोलू लागतात. मला हे खरं वाटेना, म्हणून एका सहकारी शिक्षिकेला मोबाइल घेऊन मागं बसवलं. मीसुद्धा सेकंदाच्या आसपासच थांबत होते. ज्या मुलाला प्रश्न इंग्रजीत ऐकून हिंदीत समजून घ्यायचा आहे, हिंदीत उत्तर शोधायचं आहे आणि परत इंग्रजीत आणायचं आहे, त्याला एक सेकंद देऊन मी त्याला ‘गप्प’ ठरवत होते. त्या तीन सेकंदांची शांतता सुरुवातीला अंगावर येते. सवय होते.

परीक्षेचं म्हणाल, तर आपल्याकडं मोकळीक आधीपासून आहे. वर्षभर वर्गातच चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, कृती आहे, दैनंदिन निरीक्षण आहे. मुलानं विरघळणं आणि वितळणं यातला फरक हिंदीत सांगितला, तर विज्ञानाचे गुण विज्ञानाला द्या. इंग्रजी शब्द यायला उशीर लागला तर तो इंग्रजीच्या खात्यात धरा. दोन गोष्टी एकत्र मोजल्या की कुठली कच्ची आहे तेच कळत नाही. नवीन आलेल्या मुलाला पहिलं वर्षभर ही सवलत लेखी ठरवून द्या, म्हणजे ती एखाद्या शिक्षकाच्या मर्जीवर राहणार नाही. आठवड्यातून एक तास विज्ञान, गणित आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी एकत्र बसून पुढच्या धड्यातले दहा-बारा अडचणीचे शब्द काढावेत. वेळापत्रकात तो तास धरला नाही, तर तो कधीच होणार नाही, हे मी अनुभवानं सांगते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वेगळं सांगायला हवं. ती दिवाळीनंतर येतात आणि मार्चमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की जातात. चार महिन्यांत यांना काय शिकवायचं, असं म्हणून त्यांना कोपऱ्यात चित्रं काढायला बसवलेलं मी पाहिलंय. त्यांना एक शंभर पानी वही द्या, तीन रकान्यांची, घरचा शब्द, पुस्तकी मराठी, इंग्रजी. ती वही त्यांच्याबरोबर गावी जाईल आणि तिथल्या शिक्षकांनाही कळेल की मूल कुठपर्यंत आलंय.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या शाळांत साधारण अठराशे चिनी घरांतली मुलं इंग्रजीची जादा मदत न मिळता वर्गात बसत होती. पालक न्यायालयात गेले. १९७४ मध्ये ‘लाउ विरुद्ध निकल्स’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक, तीच इमारत दिली म्हणजे समान वागणूक झाली असं नाही. ज्याला भाषाच कळत नाही, त्याच्यासाठी ते शिक्षण बंदच राहतं. हे वाचलं तेव्हा मला परदेशातली गोष्ट वाटलीच नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण दर जूनमध्ये भाषणांत सांगतो. पण त्याच्याही आधी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, आणि पुढं एकेका समाजाची बोर्डिंगं. महाराजांना ठाऊक होतं की शाळेचं दार उघडं ठेवून भागत नाही. खेड्यातून आलेल्या पोराला रात्री टेकायला जागा आणि ताटात भाकरी नसेल, तर ते दारातूनच माघारी जाईल. आज आपल्या दारात आलेल्या मुलांना राहायला खोली आहे, पोषण आहारही मिळतो. त्यांना वर्गात टेकायला भाषा हवी आहे. ज्या शहरानं बोर्डिंगं उभारली, त्याला हे पटवून द्यायला मला फार शब्द लागू नयेत.

मुख्याध्यापकांना आणि समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे की जूनच्या पहिल्या सभेत हा विषय घ्या. मातृभाषेवरचा दंड असेल तर त्याच सभेत ठराव करून बंद करा. पालकांना बोलवा, जे मराठी बोलत नाहीत त्यांनाही, आणि समितीत त्यांचा एक तरी प्रतिनिधी येईल असं बघा. पालक म्हणून ते काय विचारतील याची भीती बाळगू नका. ‘आमच्या भाषेमुळं पोर मागं पडेल का’ हे विचारतील. त्यांना सांगा, घरी आपल्याच भाषेत बोला, गोष्टी सांगा, बाजाराचा हिशेब करायला लावा. आपली मोडकी इंग्रजी मुलावर लादू नका. घरची भाषा जितकी भक्कम, तितकं इंग्रजी लवकर रुजतं.

शिक्षक बंधू-भगिनींनो, आपल्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, हे मला माहीत आहे. निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी. त्यात ही आणखी भर वाटेल. माझा अनुभव उलटा आहे. शब्द आधी घेतले की धडा लवकर संपतो, परत परत शिकवावं लागत नाही.

ती मुलगी आमच्याकडं दोन वर्षं होती. वडिलांना दुसरीकडं काम मिळालं आणि सातवीनंतर ती गेली. जाताना तिनं आपली तीन रकान्यांची वही मला दिली, नवी करीन म्हणाली. पहिल्या पानावर ‘घुलना’ आहे, आणि शेवटच्या पानावर तिनं स्वतः शोधून लिहिलेला शब्द आहे, ‘मोल्ड’. त्यापुढं मराठीत ‘साचा’, हिंदीत ‘साँचा’, आणि खाली पेन्सिलीनं काढलेलं वाळूच्या साच्याचं चित्र, वरून लोखंडाचा रस ओतताना. वही माझ्याकडं आहे. कुठल्याही शाळेच्या सभेत दाखवायला घेऊन यायला मी तयार आहे.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका
कोल्हापूर